आधी भांडी वाजतात, मग घर हलतं: भूकंपाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाटण खोऱ्यात वाढलेल्या माणसाला भूकंप पुस्तकातून शिकावा लागत नाही. आमच्या स्वयंपाकघरात मांडणीवरची पितळी भांडी सगळ्यात वरच्या फळीवर कधीच ठेवत नसत आणि त्याचं कारण कोणी विचारतही नसे. पुढे मी भूगर्भशास्त्र शिकवलं. आजही कुठे धक्का बसला की नातेवाईक, जुने विद्यार्थी, शेजारी फोन करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. लोक विचारतात त्याच क्रमाने ते इथे लिहिले आहेत, अभ्यासक्रमाच्या क्रमाने नाही.

आधी नुसती भांडी वाजली, मग दोन-चार सेकंदांनी घर हललं. हे दोन भूकंप होते का?

नाही, एकच. त्याच्या दोन लहरी वेगवेगळ्या वेगाने तुमच्यापर्यंत पोचल्या.

खडक तुटतो तेव्हा त्या जागेपासून दोन प्रकारच्या लहरी चहूकडे सुटतात. पहिलीला प्राथमिक लहर म्हणतात. ती खडकाला पुढे ढकलते, मागे ओढते, पुन्हा ढकलते. रेल्वेचं इंजिन डब्यांना लागतं तेव्हा धक्का एकेका डब्यातून मागे जात राहतो, तसं. कठीण खडकात ती सेकंदाला साधारण सहा किलोमीटर जाते. दुसरी ती दुय्यम लहर. ती ज्या दिशेने चालते तिला आडवी हलवते, दोरीला हिसका दिल्यावर दोरी सळसळत जाते तशी. तिचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास. म्हणजे दोघी एकाच वेळी निघतात, पण एक पुढे पळते. पहिली बहुधा खालून येते, जोर कमी असतो, म्हणून फक्त भांडी आणि खिडकीच्या काचा वाजतात. दुसरी घराला आडवं हलवते, आणि भिंतींना हलायला आवडत नाही ती नेमकी हीच दिशा.

यात एक सोपी युक्ती दडलेली आहे. पहिला आवाज आला की मनात सेकंद मोजायला लागा आणि खरा हेलकावा सुरू झाला की थांबा. आकड्याला आठाने गुणा. भूकंप साधारण तितके किलोमीटर लांब झाला. पाटणला आम्ही मोजायचो तर दोन-तीन सेकंद यायचे, म्हणजे वीसएक किलोमीटर, म्हणजे कोयनानगर. कराडला पाच-सहा येतात. पुण्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याला एकदा पंधरा आले. सव्वाशे किलोमीटरला ते बरोबर बसतं.

पण मुळात खडक तुटतो कशामुळे?

हळूहळू साठत गेलेल्या ताणामुळे. वेताची छडी दोन्ही हातांनी वाकवत न्या. बराच वेळ काही होत नाही, छडी नुसती वाकते. मग एका क्षणी कट्कन तुटते आणि हाताला झिणझिण्या येतात. त्या झिणझिण्या म्हणजे भूकंप. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी फील्डिंग रीड यांनी हे नीट मांडलं. तिथे रस्ते आणि कुंपणं आडवी सरकली होती, काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत. आधीच्या जमीन-मोजण्या काढून पाहिल्या तर तीच जमीन कितीतरी वर्षं हळूहळू वाकत आली होती असं दिसलं.

आपल्याकडे वाकवणारे हात म्हणजे भारतीय भूपट्टाची, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या ज्या मोठ्या तुकड्यावर आपला देश बसला आहे त्याची, चाल. वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर वेगाने तो ईशान्येकडे सरकतो आणि हिमालयाखाली अडतो. अडलेल्या बैलगाडीला मागून रेटत राहिलं तर गाडीची प्रत्येक फळी करकरते. तसा हा रेटा दख्खनच्या खालच्या खडकापर्यंत पोचतो. आपण हिमालयापासून लांब आहोत, म्हणून आपला ताण सावकाश साठतो. साठत नाही असं मात्र नाही.

प्रस्तरभंग म्हणजे जमिनीला पडलेली भेगच ना?

उन्हाळ्यात काळ्या रानाला पडते ती भेग वेगळी. खडकाला तडा गेला आणि तड्याच्या दोन बाजू एकमेकींच्या मानाने सरकल्या, तर त्याला प्रस्तरभंग म्हणायचं. नुसता तडा म्हणजे फट. सरकणं महत्त्वाचं.

कशा सरकल्या यावरून तीन प्रकार पडतात. खडक ताणला गेला तर एक बाजू खाली घसरते. दाबला गेला तर एक बाजू दुसरीवर चढते. आणि दोन्ही बाजू आडव्या, एकमेकींना घासून गेल्या तर तिसरा प्रकार. आपल्या राज्यात तिन्ही सापडतात: किल्लारीला खडक एकमेकांवर चढला, कोयनेला १९६७ मध्ये आडवा सरकला आणि वारणेच्या बाजूच्या बऱ्याच धक्क्यांत खाली घसरण दिसते.

जुना प्रस्तरभंग कधी पूर्ण मरत नाही. वर शेती असते, ओढा असतो, त्याला खालची खबर नसते. पण पुन्हा ताण आला की नवा खडक फुटण्यापेक्षा जुनीच जागा सरकणं सोपं. फाटलेला कपडा शिवणीतच पुन्हा उसवतो.

बातम्यांत 'केंद्र' म्हणतात ते जमिनीवरचं की जमिनीखालचं?

खडक जिथून तुटायला लागला ती खालची जागा म्हणजे नाभी. तिच्या बरोबर वर जमिनीवर येणारं ठिकाण म्हणजे अपिकेंद्र. बातम्यांत गावाचं नाव येतं ते अपिकेंद्राचं. नाभी किती खोल हे वाचायला विसरू नका. त्याच आकाराचा भूकंप पाच किलोमीटरवर झाला तर भिंती पडतात, शंभरावर झाला तर पंखे हलतात.

रिश्टर स्केल दहापर्यंतच असतं ना?

स्केलला वरची मर्यादाच नाही. खडकाला मात्र आहे. आजवर मोजलेला सगळ्यात मोठा भूकंप २२ मे १९६० चा, चिलीमधला, ९.५ चा. त्याहून फार मोठा व्हायला तितका लांब प्रस्तरभंग पृथ्वीवर सलग सापडायला हवा.

चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या भूकंपांसाठी एक पट्टी तयार केली. यंत्रावरची रेघ किती उंच उडाली, त्यावरून आकडा. मोठ्या भूकंपांना ती पट्टी पुरेना, म्हणून आता मोमेंट मॅग्निट्यूड वापरतात. त्यात किती क्षेत्रफळाचा खडक, किती मीटर सरकला आणि तो खडक किती ताठ होता, याचा हिशोब असतो. सुमात्राजवळ २६ डिसेंबर २००४ ला बाराशे-तेराशे किलोमीटर लांबीचा पट्टा सरकला, म्हणून तो ९.१. किल्लारीसारख्या ६.२ ला दहाएक किलोमीटर पुरतात. वर्तमानपत्रं अजून 'रिश्टर' लिहितात. लिहू द्या, सवय आहे.

एक अंक वाढला की यंत्रावरची रेघ दहापट उंच होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीसपट. हा बत्तीसचा पाढा नीट लक्षात ठेवा, पुढे एका प्रश्नाला लागणार आहे.

मग '६.२ तीव्रतेचा भूकंप' हे चूक आहे?

चूकच आहे, आणि निरुपद्रवी चूक नाही. ६.२ हे परिमाण. ते भूकंपाचं असतं, एकच असतं. तीव्रता गावाची असते: अमुक गावात काय पडलं, काय हललं, कोणाला झोपेतून जाग आली. ती एक ते बाराच्या पट्टीवर मोजतात आणि ती प्रत्येक गावात वेगळी येते. विजेच्या दिव्याचे वॅट एकच असतात, पण दिव्याखाली बसलेल्याला आणि अंगणात बसलेल्याला उजेड सारखा मिळत नाही. लोक बातमीतला आकडा ऐकून घाबरतात किंवा निर्धास्त होतात. विचारायला हवं ते हे की नाभी किती खोल, आपण किती लांब, पायाखाली कातळ की भराव, आणि भिंत कशाची.

कोयनेचे भूकंप खरंच धरणामुळे होतात का?

हा प्रश्न आमच्याकडे चहाच्या टपरीवरही भांडण लावतो. उत्तर थोडं सविस्तर देतो.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. ६.३ परिमाणाचा भूकंप. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, दोन हजारांहून जास्त जखमी झाली, कोयनानगरची बहुतेक घरं पडली. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. आई सांगायची की डिसेंबरच्या थंडीत सगळं गाव खळ्यावर कडब्याच्या गंजीपाशी बसून होतं आणि उजाडल्यावरही घरात जायला कोणी तयार नव्हतं. तोपर्यंत दख्खनचं पठार म्हणजे न हलणारी जमीन, असं शास्त्रज्ञसुद्धा धरून चालत होते.

धरण १०३ मीटर उंच. शिवसागर जलाशय १९६२ पासून भरायला लागला आणि त्यानंतर लवकरच परिसरात बारीक धक्के जाणवू लागले. आधी असे धक्के नोंदलेले नव्हते. १९६७ नंतरही ते थांबले नाहीत. पाचच्या वरचे वीसहून अधिक भूकंप त्या एका लहानशा पट्ट्यात झाले, साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या. १९८५ मध्ये दक्षिणेला वारणेचं पाणी अडवायला लागल्यावर धक्क्यांचा जोर तिकडेही सरकला. शिवाय वर्षाचं एक चक्र दिसतं: पावसाळ्यात जलाशय भरला की सप्टेंबरच्या सुमारास एक वाढ, पुन्हा डिसेंबरच्या पुढे एक. इतके योगायोग एकत्र येत नसतात. जलाशयामुळे सुटणाऱ्या भूकंपांचं जगातलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणून कोयनेचं नाव घेतलं जातं ते यामुळे. ६.३ हा त्या प्रकारातला आजवरचा सगळ्यात मोठा मानला जातो.

आता 'पाण्याच्या वजनाने जमीन दबली' हे लोकांचं आवडतं स्पष्टीकरण. जलाशयाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे तीनशे कोटी टनांच्या घरातलं पाणी. ऐकायला प्रचंड. पण शंभर मीटर पाण्याचा दाब होतो दहा वातावरणांइतका, म्हणजे आपल्या अंगावरच्या हवेच्या दाबाच्या दहापट, आणि पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब तेराशेच्या आसपास असतो. एवढ्या मोठ्या पातेल्यात चिमूटभर मीठ.

खरी करामत फटींतून मुरणाऱ्या पाण्याची आहे. प्रस्तरभंगाच्या दोन बाजू एकमेकींवर दाबलेल्या असतात, घर्षणाने धरलेल्या. फटीतल्या पाण्याचा दाब वाढला की तो दोन्ही बाजूंना आतून किंचित दूर लोटतो आणि घर्षणाची पकड सुटते. ओल्या फरशीवर पाय घसरतो तेव्हा फरशी उतरती झालेली नसते, पकड गेलेली असते. पाणी मुरायला वेळ लागतो, म्हणून पावसाळ्यानंतर काही महिन्यांनी दुसरी वाढ दिसते.

म्हणून शास्त्रज्ञ 'धरणाने भूकंप घडवला' असं म्हणत नाहीत, 'धरणाने सोडवला' म्हणतात. ताण आधीच होता, कडेलोटाच्या जवळ होता, पाण्याने शेवटचा हात लावला. याचा उलटा अर्थही घ्यायला हवा: देशात हजारो धरणं आहेत आणि बहुतेकांच्या खाली काहीच होत नाही, कारण तिथे सुटायला तयार असा प्रस्तरभंग नाही.

१९६७ मध्ये धरणाला काही झालं नाही?

झालं. धरणाचा छेद जिथे अचानक अरुंद होतो, त्या मानेपाशी दोन्ही अंगांना आडव्या चिरा गेल्या. धरण उभं राहिलं. पुढे काँक्रीटच्या टेकूंनी उंच भाग भक्कम केला. धरणाच्या आतल्या बोगद्यात बसवलेल्या यंत्राने त्या पहाटेचा हादरा नोंदवून ठेवला आणि तो आलेख आजही जगभरचे अभियंते आपापली गणितं तपासायला वापरतात. कोयनेचं नाव परदेशी विद्यार्थ्याला अशा वाटेने कळतं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मग तिथे खाली जाऊन कोणी पाहिलं आहे का?

पाहिलं आहे, म्हणजे छिद्र पाडून. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे, खोल विंधन छिद्रांसाठीच. कोयना परिसरात आधी दीड-दीड किलोमीटरची अनेक छिद्रं घेतली, मग गोठणे इथे तीन किलोमीटर खोल गेले. २०१७ मध्ये ते काम झालं. वरचा काळा पाषाण, ज्याला आपण सह्याद्री म्हणतो, एखाद्या किलोमीटरनंतर संपतो. खाली थेट ग्रॅनाइटसारखा गुलाबी-करडा जुना खडक लागतो. वरचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, खालचा अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला. भूकंप होतात ते या खालच्या जुन्या खडकात. त्या छिद्रांतून काढलेल्या खडकाचे दंडगोल मी हातात घेतले आहेत. गारगोटीसारखा घट्ट दगड, आणि मधेच एक बोटभर पट्टा असा की नखाने पीठ निघावं. कधीतरी तिथे दोन बाजू एकमेकींवर घासल्या होत्या.

किल्लारीला तर मोठं धरण नव्हतं, डोंगर नव्हते. तिथे कसा झाला?

या प्रश्नाने १९९३ नंतर भल्याभल्यांची झोप उडवली. ३० सप्टेंबरची पहाट, चार वाजायला पाच मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत नऊ-दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. परिमाण फक्त ६.२. जपानमध्ये एवढ्या भूकंपाने शाळाही बंद होत नाहीत, असं कोणी म्हणालं तर त्यात अतिशयोक्ती थोडीच आहे.

भूकंपाचा धोका दाखवणाऱ्या त्या वेळच्या, १९८४ च्या नकाशात हा भाग सगळ्यात सुरक्षित गटात, झोन एकमध्ये होता. नाभी फार उथळ होती, दहा किलोमीटरच्या आत. जुना खडक जुन्या खडकावर चढला आणि शेतात काही ठिकाणी जमीन मीटरभरापेक्षा कमी उचलली गेली. काळा पाषाण तिथे जेमतेम साडेतीनशे मीटर जाड, त्याच्या खाली तोच पुरातन खडक. भूपट्टाच्या काठापासून लांब, त्याच्या मध्यभागी असलेल्या अशा जागांवर हजारो वर्षं काही होत नाही, आणि नकाशा मागच्या शे-दोनशे वर्षांच्या नोंदींवरून काढलेला.

पण माणसं भूकंपाने मेली असं म्हणणं अर्धवट आहे. ती भिंतींखाली गेली. मराठवाड्यातलं माळवदाचं घर आठवा. दगडाच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, काही ठिकाणी त्याहून जाड. आतला एक थर, बाहेरचा एक थर, मधे दगडगोटे आणि माती भरलेली. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक नाहीच. वर लाकडी तुळया, त्यावर पांढरीच्या मातीचा फूटभर, दोन फूट जाड थर. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला अजून एक पाटी माती. उन्हाळ्यात असं घर गार राहतं आणि पिढ्यान्पिढ्या टिकतं. पण आडवा हिसका बसला की भिंतीचे दोन थर पोळी फुगावी तसे सुटतात आणि वरची कित्येक टन माती सरळ खाली येते. तिच्यात हवेची जागा राहत नाही. त्याच गावातल्या कुडाच्या, पत्र्याच्या झोपड्यांनी आतल्या माणसांना फारशी इजा केली नाही. गावात जो सगळ्यात प्रतिष्ठित, त्याची भिंत सगळ्यात जाड.

किल्लारीला आधी इशारा मिळाला नव्हता का?

१९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तिथे धक्क्यांची रांगच लागली होती. लोक घाबरले होते, तक्रारी केल्या होत्या. मग ते थांबलं आणि वर्षभराने मोठा आला. आता कोणी म्हणेल, मग लहान धक्के म्हणजे इशाराच की. याच्या उलट पालघर बघा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, धक्क्यांची मालिका सुरू झाली. लोक थंडीत तंबूत झोपले. मोठ्यात मोठे धक्के चारच्या थोडे वर गेले आणि किल्लारीसारखं काही पाठोपाठ आलं नाही. सुरुवातीला दोन्ही मालिका एकसारख्याच दिसतात. कोणती कुठे जाणार, हे सांगणारी खूण आज कोणाकडे नाही.

निदान लहान धक्क्यांनी ताण निघून जातो, हे तरी खरं ना?

नाही, आणि इथेच तो बत्तीसचा पाढा. १९६७ सारखा ६.३ चा एक भूकंप जितकी ऊर्जा सोडतो, तितकी सोडायला चार परिमाणाचे सुमारे २८०० धक्के लागतील. चारचा धक्का म्हणजे पत्रे वाजवणारा, लोकांना रस्त्यावर आणणारा. असे २८०० कोणत्याही गावाने मोजलेले नाहीत. चमच्याने विहीर उपसण्यासारखं आहे.

भूकंपाचं भाकीत करता येतं का? व्हॉट्सअॅपवर तारीख आली आहे.

तारीख, वेळ आणि गाव सांगणारा कोणताही संदेश पुढे पाठवू नका. चीनमध्ये ४ फेब्रुवारी १९७५ ला हायचेंगला आधी लोक घराबाहेर काढले आणि ७ च्या वरचा भूकंप झाला, हे खरं आहे. तिथे आधी लहान धक्क्यांची रांग लागली होती. पुढच्याच वर्षी तांगशानला तसं काही झालं नाही आणि दोन लाखांहून जास्त माणसं गेली. कॅलिफोर्नियात पार्कफील्डला ठरावीक अंतराने भूकंप होतात म्हणून १९९३ च्या आत होणार असं जाहीर करून शास्त्रज्ञ यंत्रं लावून बसले. तो आला २००४ मध्ये.

इशारा मात्र देता येतो, आणि ते वेगळं. भूकंप सुरू झाल्यावर जवळच्या यंत्राने पहिली लहर पकडायची आणि दुसरी पोचायच्या आत लांबच्या लोकांना कळवायचं. वायरलेस लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, खडकातली लहर साडेतीन किलोमीटरने. जपान आणि मेक्सिकोत हे कित्येक वर्षं चालू आहे. अँड्रॉइड फोनमध्येही आता भारतात असा इशारा येतो, फोनच्या आतलाच हालचाल ओळखणारा भाग वापरून. लांबच्या शहराला त्यातून काही सेकंद मिळतात. अपिकेंद्रापाशीच असणाऱ्याला काहीच नाही.

कुत्री आधी भुंकतात, ते?

पहिली लहर त्यांना आपल्याआधी जाणवते. ती दोन-पाच सेकंदांची बाब. आदल्या दिवशीच्या भुंकण्याला नंतर अर्थ चिकटवला जातो, आणि आमच्या आळीतली कुत्री तशी रोजच भुंकतात.

हिंगोलीकडे जमिनीतून गडगड आवाज येतो, पण काही हलत नाही. तो भूकंपच का?

बहुधा हो, फार लहान आणि फार उथळ. प्राथमिक लहर ही मुळात ध्वनीसारखीच दाबाची लहर आहे. ती जमिनीतून वर येऊन हवेत शिरली आणि तिची कंपनं सेकंदाला वीसपेक्षा जास्त असली की कानाला ऐकू येते. मऊ मातीत ही वेगवान कंपनं मरून जातात, काळ्या पाषाणात टिकतात. म्हणून पालघर, हिंगोली, कोयना, सगळीकडे लोक आधी 'सुरुंग उडाल्यासारखा' आवाज सांगतात. वसमत-कळमनुरी भागातल्या गावांनी हे आवाज वर्षानुवर्षं ऐकले आणि २०२४ मध्ये तिथे साडेचारच्या आसपासचे भूकंप नोंदलेही गेले. हे विहिरीतल्या नाहीतर खाणीतल्या सुरुंगांचे आवाज आहेत म्हणणारे तेव्हा गप्प झाले.

पृथ्वीच्या पोटात काय आहे हे कोणी न जाता कसं कळलं?

या गोष्टीची सुरुवात भारतात होते, म्हणून थोडा वेळ घेतो. १२ जून १८९७ ला शिलाँगच्या पठारावर आठाच्या घरातला भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड ओल्डहॅम तिथे पायी फिरले. त्यांना असे धोंडे दिसले की जे आपल्या खळग्याच्या कडा न मोडता बाहेर येऊन पडले होते. म्हणजे जमिनीने त्यांना घासत नेलं नाही, वर उडवलं. तांदूळ पाखडताना सुपातून दाणे उडतात तसे. जमीन गुरुत्वाकर्षणापेक्षा जास्त जोराने वर उसळली, याचा तो पुरावा होता.

त्या भूकंपाच्या युरोपातल्या यंत्रांवरच्या नोंदी ओल्डहॅम यांनी मागवल्या आणि रेघेत तीन वेगळ्या टोळ्या ओळखल्या: प्राथमिक, दुय्यम आणि सगळ्यात शेवटी पृष्ठभागावरून रेंगाळत येणाऱ्या भूपृष्ठ लहरी. १९०६ मध्ये त्यांनी दाखवलं की पृथ्वीच्या आरपार जाणाऱ्या लहरी मधल्या भागात उशीर करतात, म्हणजे आत एक वेगळा गाभा आहे. पुढे कळलं की दुय्यम लहर त्या गाभ्यातून जातच नाही. आडवं हलवायला पदार्थाला आकार धरून ठेवता यायला हवा आणि द्रव तो धरत नाही. म्हणून बाहेरचा गाभा वितळलेला. १९३६ मध्ये इंगे लेमान या डॅनिश बाईंनी काही अगदी बारीक, तिथे असायलाच नको अशा नोंदींवरून त्या द्रवाच्या आत पुन्हा एक घन गोळा असल्याचं सांगितलं. डॉक्टर पोटावर बोटं ठेवून ठोकून पाहतो, तसंच हे.

भारतातली पहिली भूकंप वेधशाळा १८९७ च्या त्याच धक्क्यानंतर, १८९८ मध्ये कोलकात्याजवळ अलीपूरला सुरू झाली.

मुंबई-पुण्याला किती धोका?

२००२ च्या नकाशात दोन्ही शहरं झोन तीनमध्ये, कोयना झोन चारमध्ये, नागपूर झोन दोनमध्ये. झोन एक त्या वर्षी काढूनच टाकला, कारण किल्लारीने त्याची लाज काढली होती.

झोनपेक्षा मला पायाखालच्या मातीची चिंता जास्त वाटते. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी भूजजवळ ७.७ चा भूकंप झाला आणि दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. १९८५ च्या भूकंपात मेक्सिको सिटी अपिकेंद्रापासून साडेतीनशे किलोमीटर लांब होती, तरी तिथे पडझड झाली, कारण ती वसली होती जुन्या तळ्याच्या गाळावर. मऊ गाळ लहर अडवून धरतो, फुगवतो, पुन्हा पुन्हा हलवतो. मुंबईतला भराव आणि खाडीकाठची जमीन याच जातीची. अहमदाबादेतल्या बऱ्याच पडलेल्या इमारतींत एक गोष्ट सारखी होती: खाली भिंती नसलेला, नुसत्या खांबांवरचा पार्किंगचा मजला. वरचे मजले खोक्यासारखे ताठ, खालचे पाय काटकुळे. अशी इमारत आपल्या शहरांत दर गल्लीत आहे. सोसायटीच्या सभेत रंग कोणता हवा यावर दोन तास जातात, खालच्या खांबांत वाढीव सळई आणि भिंती आहेत का हे मी तरी अजून कोणाला विचारताना ऐकलेलं नाही.

गावी दगडी घर बांधतो आहे. काय बघू?

मिस्त्रीला पाच गोष्टी सांगा. भिंतीत दर काही फुटांवर आरपार जाणारा लांब दगड घाल. कोपऱ्यात दोन्ही भिंतींचे दगड एकमेकांत गुंतव. चौकटींच्या वर, घराला सगळीकडून वळसा घालणारा सळईचा काँक्रीट पट्टा घाल, आणि तो मधे कुठे तोडू नकोस. लाकडी पिंपाचं लोखंडी कडं जसं फळ्या धरून ठेवतं तसा तो भिंती धरून ठेवतो. दारं-खिडक्या कोपऱ्याला लागून नकोत. छपरावर माती अजिबात नको. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात हे पट्टे हजारो घरांत घातले गेले. जुनं घर असेल तर माळवदावरची माती कमी करणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा उपाय आहे.

धक्का बसला की पळू का थांबू?

बैठं घर, दार दोन पावलांवर, भिंती दगडमातीच्या: बाहेर मोकळ्यात या, विजेच्या तारा आणि भिंतींपासून लांब. वरच्या मजल्यावर असाल तर जिन्याकडे धावू नका, लिफ्ट तर नाहीच. भक्कम टेबलाखाली बसा, डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. हादरा थांबेपर्यंत तिथेच राहा, बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत सगळं संपतं. मग गॅस बंद करा आणि शांतपणे उतरा. पाठचे धक्के येणारच, काही तासांत, काही दिवसांत. पहिल्या धक्क्यात तडा गेलेली भिंत दुसऱ्यात पडते, म्हणून कागदपत्रं आणायला आत जाऊ नका.

मला जाणवलेला धक्का कुठे कळवू? आणि काय सांगू?

तहसील कार्यालयाला, किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या 'भूकंप' अॅपवर. राज्यात नाशिकची मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थाही धरणांच्या परिसरातल्या नोंदी ठेवते. 'खूप जोरात हललं' याचा कोणाला उपयोग होत नाही. वेळ लिहा. बसला होतात की झोपला होतात, कितव्या मजल्यावर होतात ते लिहा. फळीवरचं काय पडलं, कोणत्या भिंतीला कशी चीर गेली, आडवी की तिरपी, ते लिहा. आणि आवाज व हेलकावा यांच्यात किती सेकंद गेले तेही.